एकटीने हात लावायचा नाही

दर रविवारी सकाळी अकरा वाजता ताईचा फोन यायचा आणि सात मिनिटांत संपायचा. दोन मिनिटं तब्येतीची, दोन मिनिटं मुलांची, आणि उरलेली ताईच्या गुडघ्यांची, कारण ते गुडघे मुलांपेक्षा जास्त लक्ष मागायचे. मग बोलण्यासारखं काही उरत नसे. दोघी जरा वेळ नुसत्या फोन धरून बसत, आणि शेवटी ताई म्हणायची, "मग मुंगे, खेळायचंय ना?" मुंगी म्हणायची, "खेळायचंय तर." की झाला फोन.

मुंगी शेहेचाळीस वर्षांची होती. वजनकाट्यावर उभी राहिली तर काटा तिला मुंगी मानायला तयार नसे, पण लहानपणी चिकटलेलं नाव डिंकासारखं असतं, आणि ताईच्या तोंडून तर ते सुटायची काही शक्यताच नव्हती.

खेळायचं होतं ते 'कंदील'. त्या व्हिडिओ गेमचं मूळ नाव लांबलचक आणि परदेशी होतं, ते या दोघींनी कधीच पुरतं उच्चारलं नाही. सात भागांची मालिका. दोन वाटसरू अंधाऱ्या मुलखातून चाललेले असतात. एकाच्या हातात कंदील, दुसऱ्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. एक जण उजेड दाखवतो, दुसरा दारं उघडतो. दोघांनी मिळून खेळायचं, आणि कुणी एकटंच असेल तर दुसऱ्या वाटसरूला मशीन चालवतं.

छत्तीस वर्षांपूर्वी सुट्टीत मामाकडे गेल्यावर त्यांनी तो पहिल्यांदा पाहिला. पाहिला म्हणजे अक्षरशः पाहिलाच. मशीन मामेबहिणीचं, आणि मामेबहीण एकुलती एक. तिने पंधरा दिवसांत कंट्रोलर एकदाही हातचा सोडला नाही. जेवताना तो मांडीखाली घेऊन बसायची. "आधी बघून शिकायचं असतं," असं ती म्हणे, आणि या दोघी आज्ञाधारकपणे मागे बसून बघत आणि शिकत राहिल्या. निघायच्या दिवशी जिन्यात ताईने मुंगीचा हात धरला. ताई तेरा वर्षांची, मुंगी दहाची. "मोठ्या झालो की सगळे भाग खेळायचे. पहिल्यापासून. दोघींनी मिळून. एकटीने हात लावायचा नाही." मुंगीने शपथ घेतली. गळ्याला चिमटा वगैरे घेऊन, रीतसर.

मग काय, मोठ्या झाल्या. मोठं होण्यात एवढा वेळ जातो हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. शिक्षणं झाली, लग्नं झाली, मुलं झाली, ती मोठी होऊन निघून गेली. ताईचं घर बसने पाच तासांवर. आई शेवटची तीन वर्षं ताईकडे अंथरुणावर होती, तेव्हा दोघींना बोलायला रोज विषय असे: औषधं, झोप, आज काय खाल्लं. पाच वर्षांपूर्वी आई गेली आणि विषयही गेले. उरला हा एक. मुंगीला हे पक्कं ठाऊक होतं की 'खेळायचंय ना' हे दोन शब्द काढून टाकले तर तो फोन चार मिनिटांचा होईल, मग दर महिन्याचा होईल, आणि मग वाढदिवसाला एखादा निरोप येईल. तिला ते नको होतं. ताईशिवाय तिला मुंगी म्हणणारं जगात दुसरं कुणी राहिलं नव्हतं.

आणि एवढं सगळं ठाऊक असताना या बाईने एकटीने सातही भाग खेळून टाकले होते.

आता याची फिर्याद द्यायची तर तिची बाजूही ऐकली पाहिजे. तीन वर्षांपूर्वी सातही भाग एका डबीत मिळू लागले. मुंगीने ती डबी आणली, मशीन आणलं, दोन कंट्रोलर आणले, आणि ताई येईल तेव्हा उघडू म्हणून सगळं कपाटात वरच्या फळीवर ठेवलं. दीड वर्ष ठेवलं. मग एका गुरुवारी तिच्या मनात आलं की तबकडी खराब निघाली तर? ताई एवढी पाच तास प्रवास करून येणार आणि मशीन म्हणणार चालत नाही. म्हणून केवळ तपासायला तिने पहिला भाग लावला. दूध नासलंय का बघायला चमचाभर चाखावं तसं. मास्तर शाळेतून आले तेव्हा ही पातेलं रिकामं करत बसली होती.

मास्तर म्हणजे तिचा नवरा. शाळेत भूगोल शिकवायचे आणि घरात कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी फक्त विचारलं, "हे ताई आल्यावर होतं ना?" मुंगीने त्यांना त्या क्षणी आपल्या पापात भागीदार करून घेतलं. मशीनवर खेळणाऱ्याच्या नावाने खातं उघडावं लागतं. ते तिने 'मास्तर' या नावाने उघडलं. मग दर गुरुवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, मास्तर शाळेत आणि 'मास्तर' घरात कंदील घेऊन भुयारात, असं दीड वर्ष चाललं.

ती सातव्या भागाच्या अगदी शेवटाला पोचली आणि तिथे अडकली. शेवटचं दार प्रचंड होतं. त्याला दोन टोकांना दोन कड्या, आणि दोन्ही एकाच क्षणी फिरवायच्या. बाकी सगळ्या खेळात मशीनने चालवलेला सोबती मुकाट्याने मदत करायचा, पण इथे तो कडीपाशी जाऊन उभा राहायचा आणि मान हलवायचा. पाटी यायची: या दारासाठी दुसरा माणूस हवा. मुंगीने चार महिने दर गुरुवारी त्याची विनवणी केली. एकदा दोन्ही हातांत दोन कंट्रोलर घेऊनही पाहिलं, पण त्या दारावर पाच-पाच बटणं दाबत राहावं लागे, आणि पायाच्या अंगठ्याने बटण दाबण्याचं तिचं वय गेलं होतं. मास्तरांना बसवलं तर त्यांनी कडी सोडून सोबत्याला जवळच्या विहिरीत नेलं. सलग तीनदा.

तर अशा अवस्थेत एका रविवारी फोन आला आणि ताई नेहमीचं वाक्य म्हणाली नाही. म्हणाली, "मुंगे, पुरे झालं आता. मी आठ दिवसांची रजा टाकलीय. शनिवारी येते. बसून खेळू."

"ये की," मुंगी म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की नंतर तिलाच लाज वाटली. कारण पहिला आनंद ताई येणार याचा नव्हता, दुसरा माणूस येणार याचा होता. खरा आनंद मागून आला, आणि त्याच्या मागोमाग धडकी. पहिल्यापासून खेळायचं म्हणजे सहा भाग काहीच माहीत नसल्यासारखं खेळायचं. ताईला कळलं तर? छत्तीस वर्षांची शपथ. ताई रागावली असती तर चाललं असतं, ताईचा राग मुंगीने जन्मभर पचवला होता. पण ताई गप्प बसली असती, आणि पुढच्या रविवारी फोन आला नसता.

"तुम्ही काही बोलू नका," तिने मास्तरांना बजावलं.

"मी कधी बोलतो?" मास्तर म्हणाले, आणि ते खरं होतं.

मुंगीला एका गोष्टीचा भरवसा होता, तो म्हणजे तिचा धंदा. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. डॉक्टरांकडून रुग्णाच्या हिरड्यांचा ठसा येतो, त्यावरून प्लॅस्टरचा साचा होतो, साच्यावर मेणाची पट्टी, आणि त्या मेणात एकेक दात गरम सुरीने बसवायचा. नवशिके कारागीर दात ओळीत बसवतात, मोत्यांसारखे, आणि ती कवळी दहा पावलांवरून कवळी दिसते. मुंगी एखादा दात केसभर तिरका लावायची, एखाद्याची कड किंचित झिजवायची, पुढच्या दोघांत बारीकशी फट ठेवायची. तिच्या कवळ्या घालून लोक आपल्या सख्ख्या व्याह्यांना फसवत. खोटं खरं दिसायचं असेल तर त्यात थोडी खोट हवी, एवढं तिला वीस वर्षांत समजलं होतं. खेळातही तसंच करायचं तिने ठरवलं. अधूनमधून चुकायचं, पण एकसारखं नाही.

शनिवारी संध्याकाळी ताई आली. ताई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी चालवायला शिकवायची. ते बावीस वर्षांचं काम अंगात इतकं मुरलं होतं की ती कुठेही बसली तरी शेजारचा माणूस शिकाऊ आहे अशा बेताने बसायची. तिच्या शिकवण्याच्या गाडीत तिच्या पायापाशी एक जादा ब्रेक असे, आणि बाहेरच्या जगातही तिचा उजवा पाय तो शोधत राहायचा. रिक्षात दाबायची, बसमध्ये दाबायची. मुंगीच्या लग्नात नवरदेव माळ घालताना जरा जोरात पुढे आला तेव्हाही दाबला होता, असं तेव्हा शेजारी बसलेली मावशी शपथेवर सांगायची.

चहा झाल्यावर ताईने मशीन सुरू केलं. पडद्यावर खातं आलं: मास्तर. खेळलेला वेळ दोनशे अडतीस तास.

खातं लपवायचं मुंगी साफ विसरली होती.

"मास्तर," ताई म्हणाली, "तुम्ही खेळता?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं.

"खेळतो की," मास्तर म्हणाले.

"दोनशे अडतीस तास?"

"भूगोलाला उपयोगी पडतं."

"कुठला भाग आवडला तुम्हाला?"

मास्तरांनी बराच विचार केला. "मधला," ते म्हणाले.

"हं," ताई म्हणाली आणि पुढे काही विचारलं नाही. मास्तर वह्या तपासायच्या आहेत म्हणून आत गेले. वह्या शाळेतच होत्या.

रविवारी सकाळी न्याहारी उरकून दोघी बसल्या. मुंगीचं नवं खातं, ताईचं नवं खातं, पहिला भाग. कंदील कोण घेणार, असं पडद्यावर आलं. आता या प्रश्नावरून या दोघी लहानपणी मामाच्या माडीवर एकमेकींचे केस ओढून भांडल्या होत्या, तेही हातात कंट्रोलर नसताना.

"तू घे," ताई म्हणाली.

"छे, तू घे. तू मोठी."

"अगं घे, तुला हवा असायचा."

"नको ताई, मला किल्ल्या चालतील."

मुंगीला गहिवरून आलं. ताई वयाने किती निवळली, असं तिला वाटलं. ही तीच ताई, जिने शेवटच्या बिस्किटाचे तुकडे पट्टीने मोजून केले होते. शेवटी मुंगीने कंदील घेतला आणि खेळ सुरू झाला.

मुंगीने आपलं कसब पणाला लावलं. पहिल्याच ओढ्यात पडली. सोप्या दारापाशी उगाच घुटमळली. एका भिंतीला धडक देत राहून "हे पुढे का जात नाही?" असं विचारलं. मधेच एक उडी झकास मारून "अगोबाई, जमलं की," असंही म्हणाली, कारण नवख्याला एखादं अचानक जमतंच. तिचं तिलाच कौतुक वाटत होतं. तेवढ्यात मास्तर चहा घेऊन आले, पडद्याकडे बघत क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, "हा पूल पडतो ना?"



"यांना कुठलाही पूल पडणारच वाटतो," मुंगी म्हणाली. "स्वभाव आहे."

पूल पडला. मास्तर कप तिथेच ठेवून आत गेले आणि जेवणापर्यंत बाहेर आले नाहीत.

ताईही पडत होती. प्रत्येक ओढ्यात एकदा, प्रत्येक खड्ड्यात एकदा, प्रत्येक फिरत्या चाकावर एकदा. दुसऱ्या खेपेला पार. आधी मुंगीला ते गोड वाटलं. सोमवारी दुपारपर्यंत तिला काहीतरी खटकायला लागलं, पण काय ते सापडेना. लॅबमध्ये नवशिक्याची कवळी हातात आली की असंच व्हायचं. वाईट काही दिसत नसे, फक्त सगळं फार ओळीत असे. ताईच्या चुका ओळीत होत्या. एकही चूक दुसरीपेक्षा मोठी नाही. पण आपल्या सख्ख्या बहिणीच्या चुकांत खोट काढायची म्हणजे फारच झालं, असं म्हणून मुंगीने तो विचार झटकला.

मंगळवारी मास्तर शाळेत गेले आणि या दोघी दुसऱ्या भागातल्या भुयारात शिरल्या. इथे वारा सुटतो आणि कंदील विझतो. पडदा पूर्ण काळा. ऐकू येतात ती फक्त पावलं. त्या काळोखात पुढे एक खोल खड्डा आहे हे मुंगीला ठाऊक होतं, आणि आपण त्यात पडायचं हेही तिने सकाळीच ठरवून ठेवलं होतं. ती सरळ चालू लागली. तीन पावलं, चार पावलं.

शेजारी फरशीवर दाणकन पाय आपटला.

मुंगी थांबली. पडद्यावर काहीच नव्हतं, नुसता काळा रंग. तिने मान वळवून खाली पाहिलं. ताईचा उजवा पाय सतरंजीवर ताठ दाबलेला होता, टाच वर, चवडा खाली, जन्मभर दाबत आली तसा.

ताईची नजर पडद्यावर होती. पायाने काय केलं याचा तिला पत्ताच नव्हता.

मुंगीने वाटसरूला दोन पावलं मागे घेतलं. पाय सैल झाला. पुन्हा चार पावलं पुढे. पाय दाबला गेला. मागे, सैल. पुढे, ब्रेक. मग तिने खड्ड्याला वळसा घातला आणि पुढच्या दालनात, जिथे छतातून दगड कोसळतो, तिथे वाटसरूला नेलं. दगड कोसळायच्या आत पाय. ताई आता दातओठ खात होती.

मुंगीच्या अंगाचा तिळपापड झाला. आता कुणी म्हणेल, हिने कशाला रागवावं? पण चोराला चोरी झाली की जो संताप येतो तो सावालाही येत नाही. छत्तीस वर्षं शपथ पाळली (असं त्या क्षणी तिला मनापासून वाटत होतं), आणि ही? ही बया दर रविवारी साळसूदपणे 'खेळायचंय ना' विचारते?

"ताई," तिने कंट्रोलर मांडीवर ठेवला, "पुढे खड्डा आहे हे तुला कसं कळलं?"

"कुठला खड्डा?"

"ज्यासाठी ब्रेक दाबलास तो."

ताईने आपल्या पायाकडे पाहिलं. पाय ब्रेकवरच होता. तिने तो हळूच काढून दुसऱ्या पायामागे लपवला. "अनुभव," ती म्हणाली. "बावीस वर्षं रस्त्यावर काढलीत. खड्डा कुठे असतो ते मला वासानं कळतं."

"आणि दगड?"

"दगडाचंही तसंच."

"ताई, तू खेळलीयस हे."

ताईने पदर सारखा केला, पाण्याचा घोट घेतला, आणि मग सावकाश म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला चष्म्याशिवाय दार दिसत नाही, आणि तो दोनशे अडतीस तास भुयारात फिरला. खात्यावर तारखा येतात, मुंगे. सगळे गुरुवार. गुरुवारी शाळा असते का नसते?"

"म्हणजे तुला शनिवारीच कळलं?"

"चहा निवायच्या आत."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुला बोलले असते तर मलाही बोलावं लागलं असतं."

मग जे भांडण झालं ते फार वर्षांनी झालेलं, मनापासूनचं भांडण होतं. आधी कुणी सुरू केलं यावरून झालं. मुंगीने दीड वर्ष म्हटलं. ताई आठ वर्षं म्हणाली आणि स्वतःच ओशाळली.

"आठ वर्षं?"

"आई झोपायची दुपारी. मला कुठे जाता येत नसे, टीव्ही लावला तर ती जागी व्हायची. एका दुरुस्तीवाल्याकडे जुना पहिला भाग मिळाला. आवाज बंद करून खेळायचे." ताईने कंट्रोलर खाली ठेवला. "मग एकदा बघितलं तर ती जागीच. उशीला टेकून बघत होती. म्हणाली, त्या कंदीलवाल्याला सांग, डावीकडे जा. त्यानंतर रोज दुपारी आम्ही दोघी. तिला काही समजत नसे, पण दार उघडलं की टाळी वाजवायची. सहावा भाग चालू असताना ती गेली."

मुंगीला रडू आलं, आणि ते कसलं हे तिला नीट सांगता आलं असतं: आई हसत टाळी वाजवत होती ते आपण पाहिलं नाही याचं. ती इतके दिवस समजत होती की त्या खोलीत तीन वर्षं नुसतं दुखणं होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तीच म्हणाली, सांगू नकोस. मुंगीला वाटेल, तिला वगळलं."

"वाटतंय की मग."

"म्हणूनच नाही सांगितलं," ताई म्हणाली, आणि तिनेही डोळे पुसले. मग दोघींनी एकाच रुमालावरून थोडं भांडून घेतलं.

मुंगीला आपलं एक पाप अजून सांगायचं होतं. "ताई, तू सातवा केलास?"

"गेल्या वर्षी."

"पूर्ण?"

"एक दार राहिलंय."

"दोन कड्यांचं."

"हो."

मुंगीला आठ दिवसांच्या रजेचा खरा अर्थ एकदम लख्ख समजला.

"तू दारासाठी आलीस," ती म्हणाली.

"आणि तू 'ये की' एवढ्या घाईनं म्हणालीस ते कशासाठी? माझ्या गुडघ्यांसाठी?"

यावर हसण्याशिवाय दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. ताई हसली की तिचे खांदे आवाज न करता हलतात, आणि ते हलायला लागले की मुंगीला दम लागेपर्यंत हसू येतं. हे लहानपणीही असंच होतं आणि मामेबहीण त्यावरून दोघींना खोलीबाहेर काढायची. पाणी प्यावं लागलं.

"लाव," ताई म्हणाली. "मास्तरांचं खातं लाव. उगाच तिसऱ्या भागापासून नाटकं कशाला."

मुंगीने लावलं. दार आलं. प्रचंड, काळं, दोन टोकांना दोन कड्या. मशीनचा सोबती होता तिथे आता ताईचा वाटसरू उभा राहिला, आणि त्याने मान हलवली नाही. मुंगी डाव्या कडीपाशी गेली, ताई उजव्या.

तिथे मुंगीचा अंगठा थबकला. चार महिने याच क्षणासाठी तिने मशीनच्या पाया पडणं तेवढं बाकी ठेवलं होतं, आणि आता तिला ते दार मुळीच उघडायला नको होतं. उघडलं की संपलं. मग रविवारी अकरा वाजता ताई काय विचारणार? गुडघे संपल्यावर काय?

"काय गं?" ताई म्हणाली.

"ताई, हे झालं की मग फोनवर काय बोलायचं आपण?"

तिने ते विचारलं खरं, आणि विचारल्यावर तिला फार उघडं पडल्यासारखं वाटलं. शिकाऊ माणूस चौकात मधोमध गाडी बंद पाडतो तेव्हा बसते तशी ताई शांत बसून राहिली.

"भांडू," ती शेवटी म्हणाली. "तू मला दीड वर्ष फसवलंस, मी तुला आठ वर्षं फसवलं. एवढं भांडण एका रविवारात संपतं का? दाब तू. तीन म्हटलं की."

तीनला दोघींनी दाबलं. एकदा चुकलं, दोनदा चुकलं, त्यावरून ताईने मुंगीला आणि मुंगीने ताईला दोष दिला, आणि तिसऱ्या खेपेला दोन्ही कड्या एकदम फिरल्या. दाराबाहेर खजिना वगैरे काही नव्हता. सकाळ झालेली होती. वाटसरूने कंदील खाली ठेवला आणि नावं सुरू झाली. परदेशी माणसांची शेकडो नावं, आणि ताईने शेवटपर्यंत बघायचा हट्ट धरला म्हणून ती सगळी बघितली.

पाच वाजता मास्तर आले. आतून आवाज येत होते. ताई म्हणत होती की चौथ्या भागात पाणचक्कीच्या मागून जायचं असतं, मुंगी म्हणत होती की मागून मूर्ख जातात. मास्तरांनी दारातच चपला काढता काढता विचारलं, "कळलं वाटतं?"

"तुम्ही गप्प बसा, मधला भाग," ताई म्हणाली.

ती शनिवारी गेली. रविवारी मुंगीने दहापासून फोन जवळ घेऊन ठेवला होता, वर वर काही नाही असं दाखवत. साडेदहाला ताटं पुसली, पुसलेली पुन्हा पुसली. फोन पावणेअकरालाच वाजला. ताईने ना तब्येत विचारली ना मुलं.

"हे बघ," ती म्हणाली, "मी रात्रभर विचार केला. शपथ तू आधी मोडलीस. मी खेळत होते तेव्हा आई बरोबर होती, म्हणजे मी एकटी नव्हते. एकटीने हात तू लावलास."

मुंगीने मास्तरांना खुणेने सांगितलं की तुम्ही जेवून घ्या. मग खुर्ची ओढली, नीट बसली, आणि म्हणाली, "आता तू माझं ऐक."